कर्जाची वही आणि साउथटाउनचे गाणे

इतिहासाचा तास संपल्यावर एक विद्यार्थी मागे थांबला. नगर जिल्ह्यातला, चार पिढ्यांच्या ख्रिस्ती घरातला मुलगा. मोबाइल पुढे करून म्हणाला, "सर, हे देवाचंच गाणं आहे. पण आमच्या चर्चमध्ये लावलं तर पाळकसाहेब मला बाहेर काढतील." मी ऐकले. आधी गिटारचा कर्कश गडगडाट, मग रॅपची वेगाने फेकलेली बोली, आणि मध्येच सगळे थांबून रेगेचा संथ, झुलता ठेका. बँडचे नाव पी. ओ. डी., म्हणजे 'पेएबल ऑन डेथ'. अमेरिकेतील ख्रिस्ती तरुणांचा बँड. मला संगीतातले फारसे कळत नाही. पण ज्या माणसांच्या तोंडून ही तीन प्रकारची गाणी निघाली ती माणसे आपल्या ओळखीची आहेत, असे वाटले. म्हणून हा शोध घेतला.

नावापासून सुरुवात करू. 'पेएबल ऑन डेथ' हा अमेरिकन बँकांतला शब्द आहे. खातेदार मेला की खात्यावरची रक्कम त्याने नेमलेल्या माणसाला मिळते. आपल्या पासबुकावर नॉमिनीचे नाव असते, तसाच हा प्रकार. बँडच्या तरुणांनी त्याला धार्मिक अर्थ दिला. ख्रिस्त मेला, त्याच्या मरणाने माणसाच्या पापाचे देणे फिटले आणि वारसा माणसाला मिळाला.

हा अर्थ समजला तेव्हा मी अडखळलो. माझे आजोबा सालगडी होते. साल ठरताना मालकाकडून उचल घ्यायची, ती वर्षभरात फिटायची नाही, म्हणून पुढचे साल त्याच वाड्यावर. वही मालकाची, हिशेब मालकाचा, अंगठा तेवढा आजोबांचा. आजोबा मेले तेव्हा उचल फिटली नाही. ती वडिलांच्या नावावर आली. मरणाने देणे फिटते ही कल्पना ज्या घरात बसत नाही, तिथून मी कॉलेजात आलो. म्हणून बँडच्या नावाने माझ्यापुढे जो प्रश्न टाकला तो असा: देणे फेडले कुणी, हे ठीक, पण ते लिहिले कुणी?

आधी ही माणसे कुठली ते पाहिले पाहिजे. कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो शहराचा दक्षिणेकडचा, मेक्सिकोच्या सीमेला टेकलेला भाग म्हणजे यांचे 'साउथटाउन'. सॅन यसिद्रो ही त्यातली वस्ती. कुंपणापलीकडे मेक्सिकोचे तिहुआना शहर. हा सारा मुलूख पूर्वी मेक्सिकोचाच होता. १८४८ च्या तहाने तो अमेरिकेकडे गेला. माणसे जिथे होती तिथेच राहिली, सीमा त्यांच्या अंगावरून सरकली. १९५७ साली सॅन यसिद्रो सॅन डिएगो शहरात सामील करण्यात आले. पण मध्ये नॅशनल सिटी आणि चुला व्हिस्टा ही दोन वेगळी शहरे आहेत. त्यामुळे हा दक्षिण तुकडा मुख्य शहराला जोडला आहे तो खाडीच्या पाण्यातून आखलेल्या एका अरुंद पट्ट्याने. शहरात आहे आणि शहरात नाहीही. गावकुसाबाहेर वाढलेल्या वाचकाला हा नकाशा समजावून सांगावा लागणार नाही.

आता गाण्याकडे. या बँडने जे तीन प्रवाह एकत्र आणले, त्यांतला एकही राजवाड्यातून किंवा संगीतशाळेतून आलेला नाही.

रेगे जमैकाचा. ब्रिटिशांच्या उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम राबत. १८३३ च्या कायद्याने १८३४ मध्ये गुलामी कागदोपत्री संपली, १८३८ मध्ये पूर्ण सुटका झाली. दारिद्र्य तसेच राहिले. १९३० साली हैले सेलासी इथिओपियाचा सम्राट झाला. राज्याभिषेकापूर्वी त्याचे नाव रास तफारी. आफ्रिकेत काळ्या राजाच्या डोक्यावर मुकुट चढला, हे जमैकाच्या गरिबांनी मोठ्या आशेने पाहिले आणि त्यातून रास्तफारी पंथ उभा राहिला. या लोकांनी धन्याचे बायबल फेकून दिले नाही. ते धन्याच्या विरुद्ध वाचले. बायबलमध्ये यहुद्यांना बंदी करून नेणारे बॅबिलॉन आहे. रास्तफारींनी म्हटले, बॅबिलॉन म्हणजे आम्हाला इथे आणणारी, आजही दाबणारी ही व्यवस्था. देवाला ते 'जाह' म्हणतात; तो शब्दही बायबलमधलाच. साठीच्या दशकाच्या अखेरीस रेगे आकाराला आले आणि हे वाचन त्याच्या ठेक्यावर जगभर गेले.

रॅपचे मूळ न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातले. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तिथल्या एका इमारतीत कूल हर्क या तरुणाने तबकड्या वाजवल्या. त्या समारंभापासून हिप-हॉपचा इतिहास मोजण्याची प्रथा आहे. हा हर्क किंग्स्टनमध्ये जन्मलेला, जमैकातून आलेल्या घरातला. म्हणजे रॅपच्या मुळातही जमैकाचे पाणी आहे. आणि मेटल? तो इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या कारखान्यांच्या सावलीतला. १९७० साली 'ब्लॅक सॅबथ'ची पहिली तबकडी आली. तिचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, आणि यंत्राने त्याच्या दोन बोटांची टोके तोडली. पुढे बोटांना ताण पडू नये म्हणून त्याने तारा सैल केल्या. त्यातून तो जड, खर्जातला आवाज आणखी गडद झाला. मळा, झोपडपट्टी आणि कारखाना अशी ही तीन माहेरे आहेत.

यांतले दोन प्रवाह एकत्र आणण्याचे धाडस यापूर्वी वॉशिंग्टनच्या 'बॅड ब्रेन्स' या काळ्या तरुणांच्या बँडने केले होते. अतिवेगवान पंक आणि रेगे ते एकाच मंचावर वाजवत. पी. ओ. डी.ने हे ऋण लपवले नाही. २००१ च्या तबकडीत 'बॅड ब्रेन्स'चा गायक एच. आर. यांच्यासोबत गायला आहे.

पी. ओ. डी.ची स्थापना १९९२ ची. गायक सनी सॅन्डोव्हल, त्याचा चुलतभाऊ आणि ढोलवादक वुव्ह बर्नार्डो, गिटारवर मार्कोस क्युरिएल, आणि नंतर बेस गिटारवर ट्रा डॅनिएल्स. कुणी मेक्सिकन वंशाचा, कुणी पॅसिफिक बेटांचा वारसा सांगणारा, कुणी काळा. सॅन्डोव्हलची आई कर्करोगाने गेली. त्या दुःखात त्याने ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली आणि भावाच्या आग्रहाने तो गाऊ लागला. पहिल्या तबकड्या वुव्हच्या वडिलांच्या छोट्या कंपनीने काढल्या: १९९४ ची 'स्नफ द पंक' आणि १९९६ ची 'ब्राउन'. दुसऱ्या तबकडीचे नाव म्हणजे सरळ कातडीचा रंग. १९९९ साली अटलांटिक या बड्या कंपनीकडून 'द फंडामेंटल एलिमेंट्स ऑफ साउथटाउन' आली आणि अमेरिकेत तिच्या दहा लाखांवर प्रती गेल्या. पुढची 'सॅटेलाइट' ११ सप्टेंबर २००१ या दिवशी दुकानांत आली. न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले तो हाच दिवस. हादरलेल्या देशाने तिच्यातले जिवंत असण्याचा आनंद सांगणारे 'अलाइव्ह' हे गाणे उराशी धरले. या तबकडीच्या तीस लाखांवर प्रती खपल्या.

त्याच तबकडीतले 'यूथ ऑफ द नेशन' हे गाणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. ५ मार्च २००१ रोजी सॅन डिएगोजवळच्या सँटी गावातील शाळेत एका पंधरा वर्षांच्या मुलाने गोळ्या झाडल्या. दोन विद्यार्थी मेले, तेरा माणसे जखमी झाली. त्या घटनेच्या छायेत हे गाणे तयार झाले. मरणाऱ्या आणि एकाकी पडलेल्या मुलांच्या गोष्टी त्यात आहेत. शेवटी लहान मुलांचे समूहगान येते. सॅन यसिद्रोला गोळ्यांचा आवाज नवा नव्हता. १८ जुलै १९८४ रोजी तिथल्या एका उपाहारगृहात एका बंदूकधाऱ्याने एकवीस माणसे मारली होती. गायक तेव्हा दहा वर्षांचा होता.

या बँडला दोन्हीकडून मार बसला. मेटल ऐकणाऱ्यांना त्यांचा देव खटकला, आणि सनातनी ख्रिस्त्यांना त्यांचा आवाज. २००० साली ते 'ओझफेस्ट'मध्ये वाजवत होते. तो ब्लॅक सॅबथच्या गायकाच्या नावाचा जलसा. भाविकांच्या लेखी सैतानाचा अड्डाच. २००३ च्या तबकडीच्या वेष्टनावर पंख असलेली विवस्त्र स्त्री होती, म्हणून अनेक ख्रिस्ती दुकानांनी ती विकायला नकार दिला. देव दुकानदाराच्या संमतीने गायचा असतो, हा नियम अमेरिकेतही आहे तर!

इथे माझ्या विद्यार्थ्याच्या वाक्याकडे परत येतो. पाळकसाहेब बाहेर काढतील, असे त्याला का वाटावे? नगरचे ख्रिस्तीपण आणि अमेरिका यांचे नाते जुने आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, आले. त्यांच्यामागे गेले ते बहुतांशी महार-मांग. पुढे नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन हे मराठी साचे ख्रिस्ती उपासनेत रुजवले. ते मोठे काम होते, यात वाद नाही. पण टिळक ब्राह्मण घरातून आलेले. उपासनेत आले ते कीर्तन. ज्यांनी चर्चचे बाक भरले त्यांच्या घरची हलगी, त्यांचे तुणतुणे, त्यांची डफावरची थाप यांना वेदीजवळ किती जागा मिळाली? हा प्रश्न मी दोषारोप म्हणून विचारत नाही; नगरच्या अभ्यासकांनी तो हाती घ्यावा, एवढीच इच्छा. धर्मांतर केलेल्या माणसाला नवे नाव मिळते, नवा ग्रंथ मिळतो. आपले वाद्य घेऊन तो आत गेला तरच तो धर्म त्याचा होतो. साउथटाउनच्या पोरांनी आपले वाद्य आत नेले. त्यांचे मोल मला इथे वाटते.

पण इथेच थांबलो तर ते भाबडेपण होईल. रास्तफारी बायबलमधून व्यवस्थेकडे बोट दाखवतो. पी. ओ. डी.च्या गाण्यांत मला बहुतेक वेळा एकटा माणूस दिसतो: त्याचे दुःख, त्याचे पाप, त्याची सुटका. बंदूक मुलाच्या हातात आली कशी, कुंपण कुणी घातले, हे प्रश्न मागे राहतात. २०१२ च्या 'मर्डर्ड लव्ह'मध्ये 'बॅबिलॉन द मर्डरर' असे गाणे आहे, म्हणजे त्यांना तो शब्द माहीत आहे. पण लाखांनी खपलेली गाणी सांत्वनाची आहेत. बाजाराला गरिबाचा ठेका हवा असतो. त्याचा हिशेब नको असतो.

बाबासाहेबांनी हिशेब मागितला. महारांच्या वतनाचा विचार करा. पिढ्यान्‌पिढ्या गावकी, रात्री-अपरात्री वेठ, आणि बदल्यात तुटपुंजी जमीन व बलुते. बाप मेला की काम मुलाच्या अंगावर. उचलीसारखेच हे जन्माने आलेले देणे. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. कुणीतरी येऊन हे देणे फेडील, असे त्यांनी म्हटले नाही. मुळात ही वही खोटी आहे, असे म्हटले. वतने कायद्याने गेली ती १९५८ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर. आणि १९५६ साली नागपूरला त्यांनी जो धम्म दिला, त्यात कुणी तारणहार नाही. आपले जलसेही तेच गात आले. आपल्या शाहिराने श्रोत्याला एकटे गाठले नाही, सबंध वस्तीला हाक दिली. १९७२ साली आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरचे नाव घेतले तेही सांत्वनासाठी नव्हे.

पण हे सांगून मी त्या विद्यार्थ्याच्या वरचढ होऊ शकत नाही. कारण त्याच्या नावावर आणखी एक वही आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान बाहेर ठेवले गेले. २०२२ साली या प्रश्नावर केंद्राने आयोग नेमला. गाव त्याला त्याच्या जातीने ओळखते, दप्तर त्याला त्याच्या धर्माने ओळखते, आणि दोन्हीकडे तोटा त्याचाच. आपण बौद्धांनी १९९० पर्यंत हेच भोगले. मग आज आपल्या सभांत त्याचा प्रश्न शेवटच्या ठरावातही का नसतो?

गेल्या महिन्यात तो पुन्हा भेटला. मी त्याला बँडच्या नावाचा अर्थ सांगितला, आजोबांची उचलही सांगितली. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, आमच्या आजोबांकडे हलगी होती. बाप्तिस्मा झाल्यावर माळ्यावर टाकली म्हणतात. अजून असेल."

मी म्हटले, "काढ खाली. कातडं गेलं असेल, पण कडं असेल."

त्याने ती काढली की नाही, अजून विचारलेले नाही. विचारणार आहे. आणि आमच्या पुढच्या बैठकीत तिच्यासोबत १९५० च्या त्या आदेशाचा कागदही मांडायचा आहे. वाद्य आणि वही दोन्ही एकाच जाजमावर हवीत.