तुरुंग गेला, दंड आला

मंडळी, 'डेटा' हा शब्द आपल्याकडे अलीकडचा, पण लोकांची माहिती फोडली तर तुरुंग, ही कल्पना जुनीच आहे. १९४८ चा जनगणना कायदा बघा. परवानगीशिवाय घरोघरची माहिती उघड करणाऱ्या प्रगणकाला त्याच्या कलम ११ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि प्रगणक म्हणजे कोण? बहुतेक वेळा आम्ही मास्तर मंडळीच! कोणाच्या घरी कोण शिकलेलं, कोण अडाणी, हे पारावर बसून सांगायची सोय नाही.

पुढे कॉम्प्युटर आले. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ साली दुरुस्ती झाली, कलम ७२-अ आलं. कराराने काम करताना हाती आलेली कुणाची खाजगी माहिती नुकसान किंवा गैरफायद्याच्या हेतूने फोडली, तर तीन वर्षांपर्यंत कैद. हे कलम अजून शाबूत आहे.

खरी गंमत पुढे आहे. २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. अर्जदार होते निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी. अर्ज केला तेव्हा वय ऐंशीच्या पुढे! (निवृत्तांनी नोंद घ्यावी.) मग न्या. श्रीकृष्ण समितीने २०१८ साली मसुदा दिला. त्यात माहिती बेकायदा विकणाऱ्याला तीन वर्षं, नाजूक माहिती असेल तर पाच वर्षांपर्यंत कैद होती. २०१९ च्या विधेयकात कैद उरली ती एकाच गुन्ह्याला, नावं पुसलेल्या माहितीवरून माणूस पुन्हा ओळखून काढण्याला. २०२३ च्या कायद्यात तीही गेली. आता फक्त दंड, जास्तीत जास्त २५० कोटी.

हे सगळंच वाईट असं मी म्हणणार नाही. कैद ठेवली असती तर आत गेला असता एखादा कारकून, मालक नव्हे. कंपनीला पैशाचा चटका जास्त कळतो. पण दोन गोष्टी मला खटकतात. खोटी किंवा फालतू तक्रार केली, तर तुमच्याआमच्यासारख्यालाही दहा हजारांपर्यंत दंड आहे. हे वाचून किती म्हातारी माणसं तक्रार करायला धजतील? दुसरं म्हणजे, दंडाची रक्कम जमा होते भारताच्या संचित निधीत. ज्याची माहिती गेली त्याला त्यातला रुपयाही नाही. भरपाईसाठी जुन्या कायद्यात कलम ४३-अ होतं, ते वगळायची तरतूदही याच नव्या कायद्यात केली आहे.