सर्पगंधा व तंत्रिका-संदेशवहन

सर्पगंधा (रौव्होल्फिया सर्पेंटिना, कुल–ॲपोसायनेसी) या झुडपाच्या मुळ्या भारतात उन्माद, निद्रानाश व सर्पदंश यांवर पूर्वापार वापरात आहेत. तंत्रिका कोशिकांतील वाहक प्रथिनांचे कार्य उलगडण्यासही याच मुळ्यांतील रेसर्पीन या अल्कलॉइडाचे साह्य झाले.

गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये कलकत्त्यात या मुळ्यांचा उन्माद व अतिरक्तदाब यांवरील उपयोग नोंदविला. मुंबईचे हृदयविकारतज्ञ रुस्तम जाल वकील (१९११–७४) यांनी ५० रुग्णांवरील निरीक्षणे १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केली. त्यामुळे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले गेले. त्यांना १९५७ मध्ये लास्कर पारितोषिक मिळाले. दरम्यान १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी रेसर्पीन अलग केले होते.

औषधाचा गुण कळला, तरी त्याचे कारण अज्ञात होते. रेसर्पिनामुळे सेरोटोनिनाचे साठे रिते होतात, असे अमेरिकेत १९५५ मध्ये आढळले. रेसर्पिनाने निश्चल झालेले प्राणी एल-डोपा दिल्यावर पुन्हा हालचाल करू लागतात, हे स्वीडनमधील आर्व्हीड कार्लसन यांनी १९५७ मध्ये दाखविले. या संशोधनातूनच कंपवाताच्या उपचाराची वाट खुली झाली.

दोन तंत्रिका कोशिकांमधील अनुबंधनात संदेश रासायनिक द्रव्यांमार्फत जातो. ही द्रव्ये कोशिकेतील सूक्ष्म पुटिकांत साठविलेली असतात. पुटिकेत प्रोटॉन भरले जातात; पुटिकेच्या पटलातील वाहक प्रथिन दोन प्रोटॉन बाहेर सोडून त्यांच्या मोबदल्यात संदेशद्रव्याचा एक रेणू आत घेते. रेसर्पीन या प्रथिनाला घट्ट चिकटते. मग साठवण थांबते, बाहेर राहिलेल्या द्रव्याचे एंझाइमांमुळे विघटन होते व रक्तवाहिन्या आकुंचित करणारा संदेश क्षीण होऊन रक्तदाब उतरतो. अनुबंधनात सोडलेले द्रव्य कोशिकेत परत आणणारी वाहक प्रथिने यांहून वेगळी असून ती कोशिकेच्या बाह्य पटलात असतात. या पुनर्ग्रहणाचा शोध ज्यूलियस ॲक्सेलरॉड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ च्या सुमारास लावला.

रेसर्पीन घेणाऱ्या काही रुग्णांत तीव्र खिन्नता दिसून आली. तीवरून मेंदूतील या द्रव्यांच्या अभावामुळे खिन्नता येते, असा सिद्धांत मांडण्यात आला. तथापि पुढील फेरतपासणीत हा संबंध तितका निश्चित ठरला नाही. अधिक सुरक्षित औषधे उपलब्ध झाल्यावर रेसर्पिनाचा वापर घटला. पुटिकांतील वाहक प्रथिनाचे जनुक १९९२ मध्ये ओळखण्यात आले. वकील यांच्या रुग्णांचा रक्तदाब ज्या क्रियेमुळे उतरला, तिचा रेणवीय आधार अशा रीतीने चार दशकांनंतर स्पष्ट झाला.