एसएसडी दमते त्याची गोष्ट

हार्ड डिस्क म्हातारी झाली की निदान कुरकुर तरी करते. खर्र खर्र आवाज येतो, आपल्याला कळतं की आता हिचं काही खरं नाही, आणि आपण मुकाट्याने बॅकअप घ्यायला बसतो. एसएसडीचं तसं नाही. तिच्यात हलणारा भागच नाही, त्यामुळे ती दमते तेव्हा आवाजही येत नाही. सुरुवातीला तर बऱ्याच लोकांचा समज होता की जिच्यात काही फिरतच नाही ती हळू कशाला होईल? हा समज दोनदा जाहीरपणे मोडला. एकदा २००९ मध्ये इंटेलच्या बाबतीत, आणि एकदा २०१४ मध्ये सॅमसंगच्या. दोन्ही वेळा कंपन्यांनी 'फिक्स' काढले. पण त्या दोन फिक्समध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. आजचा वीकेंड त्यासाठी.

सुरुवात मात्र त्याच्याही आधी करावी लागेल. फ्लॅश मेमरी शोधली फुजिओ मासुओका या जपानी इंजिनिअरने, तोशिबात असताना. १९८४ मध्ये त्याने ती जगासमोर मांडली आणि १९८७ मध्ये तिचा नँड हा प्रकार, जो आज आपल्या फोनपासून सर्व्हरपर्यंत सगळीकडे आहे. त्याआधीच्या मेमरीत एकेक बाइट वेगळा पुसता यायचा, पण त्यासाठी प्रत्येक सेलला जास्तीचा ट्रान्झिस्टर लागायचा, म्हणजे जागा आणि पैसा. मासुओकाची आयडिया अशी की एकेक बाइट पुसायचा हट्टच सोडून द्या. पुसायचं तर एक मोठा तुकडा एकदम पुसा. कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखं, एका झटक्यात. म्हणून तर नाव फ्लॅश. मेमरी एकदम स्वस्त झाली. (या माणसाला तोशिबाने काय दिलं? त्याला २००४ मध्ये कंपनीवर केस करावी लागली, आणि २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. मागितले होते १०० कोटी. असो.)

तर हे जे 'एकदम पुसणं' आहे ना, तेच पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ.

म्हणजे बघा, शाळेतला फळा डोळ्यासमोर आणा. लिहायचं एकेक ओळ, पण डस्टर असं की पुसलं तर अख्खा फळा पुसला जातो. २००८ च्या सुमाराच्या एसएसडीत ही ओळ म्हणजे ४ केबीचं पान, आणि फळा म्हणजे १२८ पानांचा, ५१२ केबीचा ब्लॉक. लिहिलेल्या ओळीवर पुन्हा लिहिता येत नाही. मग एक ओळ बदलायची तर काय करायचं? नवी ओळ दुसऱ्या कुठल्या तरी कोऱ्या फळ्यावर लिहायची, आणि वहीत नोंद ठेवायची की जुनी ओळ रद्द, नवी अमुक ठिकाणी. एसएसडीतला कंट्रोलर दिवसभर हाच उद्योग करत असतो. कोरे फळे आहेत तोपर्यंत सगळं झकास. ते संपले की एखादा अर्धवट फळा शोधायचा, त्यावरच्या कामाच्या ओळी दुसरीकडे उतरवायच्या, मग तो पुसायचा, आणि मग कुठे तुमची ती एक ओळ लिहायची. तुम्ही लिहायला सांगितले ४ केबी, आतमध्ये लिहिले गेले त्याच्या कितीतरी पट.

यात आणखी एक मेख होती. तुम्ही विंडोजमध्ये फाइल डिलीट करता तेव्हा विंडोज फक्त स्वतःच्या रजिस्टरमध्ये 'ही जागा रिकामी' असं लिहितं. डिस्कला कुणी काही सांगत नाही. हार्ड डिस्कला सांगायची गरजही नव्हती, तिला वर लिहिता येतंच. एसएसडीला मात्र हे महाग पडायचं. सोसायटीत भाडेकरू फ्लॅट सोडून गेला, पण सेक्रेटरीला कुणी कळवलंच नाही, असा प्रकार. सेक्रेटरी बिचारा त्या रिकाम्या फ्लॅटचं पार्किंग राखून बसलाय, आणि बाकीचे गाड्या लावायला जागा नाही म्हणून भांडतायत. एसएसडीही तशीच, तुम्ही कधीच टाकून दिलेल्या फाइली जिवापाड जपत, इकडून तिकडे हलवत बसायची.

इंटेलची एक्स२५-एम सप्टेंबर २००८ मध्ये आली. ८० जीबी, घाऊक किंमत ५९५ डॉलर. आज हसू येतं, पण तेव्हा ती खरोखर वेगळ्याच जगातली वस्तू होती. त्यावेळच्या स्वस्तातल्या बऱ्याच एसएसडींमध्ये जेमायक्रॉनचा जेएमएफ६०२ कंट्रोलर असायचा, आणि त्यांचं रेकॉर्ड असं की बारीकसारीक गोष्टी लिहिताना अख्खं मशीन क्षणभर गोठायचं. इंटेलचं तसं काही होत नव्हतं. मग फेब्रुवारी २००९ मध्ये पीसी पर्स्पेक्टिव्हने एक चाचणी छापली: ही ड्राइव्ह नवी असताना जशी पळते तशी वापरल्यावर पळत नाही, लक्षणीय मंदावते. इंटेलचा पहिला पवित्रा काय असेल ओळखा. आमच्या लॅबमध्ये असं काही दिसत नाही, आणि तुमच्या चाचण्या काही खऱ्या वापरासारख्या नाहीत. आपल्या धंद्यातला सनातन मंत्र: 'माझ्या मशीनवर तर चालतंय'. :)

पण इंटेलला श्रेय द्यायला हवं. एप्रिल २००९ मध्ये त्यांनी नवं फर्मवेअर काढलं आणि घसरण खूपच आटोक्यात आली.

याच काळात आनंदटेकवर आनंद लाल शिम्पीने एसएसडींवर लांबलचक लेख लिहिले. (ती साइट २०२४ मध्ये बंद झाली. मला अजून हळहळ वाटते.) त्यातला एक किस्सा मला फार आवडतो. ओसीझेड कंपनीची व्हर्टेक्स नावाची ड्राइव्ह त्याच्याकडे चाचणीला आली होती. खोक्यावर छापायचा मोठा आकडा, म्हणजे सलग लिहिण्याचा वेग, उत्तम. पण रोजच्या वापरात ती अडखळायची. त्याने थेट कंपनीच्या प्रमुखाला ते सांगितलं. आणि कंपनीने फर्मवेअर बदललं, खोक्यावरचा आकडा कमी होऊ दिला आणि अडखळणं घालवलं. मार्केटिंगवाल्यांच्या तोंडचा घास काढून ड्राइव्ह चांगली केल्याचं असं उदाहरण मला दुसरं पटकन आठवत नाही.

खरा इलाज मात्र एकट्या ड्राइव्हवाल्यांच्या हातात नव्हता. सेक्रेटरीला कळवायची सोय हवी होती, आणि ती ऑपरेटिंग सिस्टिमनेच करायला हवी होती. त्या सोयीचं नाव ट्रिम. 'अमुक अमुक पानांची मला आता गरज नाही' एवढाच निरोप. २२ ऑक्टोबर २००९ ला विंडोज ७ आलं ते हा निरोप द्यायला शिकूनच आलं. लिनक्सच्या एक्स्ट४ मध्ये तो २.६.३३ या कर्नलपासून, म्हणजे २०१० च्या सुरुवातीपासून, नीट पोचू लागला. अॅपलने बाहेरच्या कंपन्यांच्या ड्राइव्हसाठी अधिकृतपणे हे दार उघडलं थेट २०१५ मध्ये!

आणि इंटेलने काय केलं? ट्रिमचं फर्मवेअर काढलं ते विंडोज ७ च्या मागोमागच, ऑक्टोबरच्या शेवटी. पण काही लोकांच्या ड्राइव्ह ते टाकल्यावर बंदच पडल्या, त्यामुळे ते लगेच मागे घ्यावं लागलं, आणि दुरुस्त आवृत्ती नोव्हेंबर अखेरीस आली. वर ते फक्त दुसऱ्या पिढीच्या, जुलै २००९ नंतरच्या ड्राइव्हसाठी. पहिल्या पिढीवाल्यांना ट्रिम कधीच मिळालं नाही. म्हणजे ज्यांनी सगळ्यात आधी विश्वास ठेवून सगळ्यात जास्त पैसे मोजले, त्यांच्या हातावर तुरी. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

आता २०१४.

सॅमसंगची ८४० इव्हो जुलै २०१३ मध्ये आली आणि धडाधड खपली. स्वस्त होती, कारण ती टीएलसी होती, म्हणजे एका सेलमध्ये तीन बिट. इथे फळा सोडा, माठ घ्या. प्रत्येक सेल हा इलेक्ट्रॉन भरलेला एक माठ. एकच बिट ठेवायचा तर माठ भरलेला की रिकामा एवढंच बघायचं. तीन बिट ठेवायचे तर आठ पातळ्या ओळखाव्या लागतात. त्यात सेल १९ नॅनोमीटरच्या, म्हणजे माठ अगदीच लहान. आणि माठ म्हटला की पाझरणारच.

वर्षभरात लोकांच्या लक्षात यायला लागलं की एक विचित्र प्रकार होतोय. आज लिहिलेली फाइल सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वेगाने वाचली जाते, पण काही महिने नुसती पडून असलेली फाइल वाचताना वेग १०० च्याही खाली जातो. २००९ च्या बरोबर उलट! तेव्हा वापरून वापरून लिहिणं मंदावलं होतं, इथे न वापरता वाचणं मंदावलं. कारण काय, तर महिनोन् महिने पडून राहिलेल्या माठातली पातळी थोडी खाली आलेली. कंट्रोलर जुन्याच खुणांशी ताडून बघतो, उत्तर चुकतं, एरर करेक्शन तक्रार करतं, मग खूण जरा खाली सरकवून पुन्हा वाचतो, पुन्हा.. शेवटी डेटा बरोबर मिळतो, पण या पुन्हा-पुन्हात वेळ जातो.

ऑक्टोबर २०१४ मध्ये सॅमसंगने फर्मवेअर आणि सोबत एक टूल दिलं. टूल काय करायचं? ड्राइव्हवरचा सगळा डेटा पुन्हा लिहून काढायचं. सगळे माठ पुन्हा काठोकाठ. लोक खूश. काही महिन्यांनी त्याच ड्राइव्ह पुन्हा मंदावल्या. मग एप्रिल २०१५ मध्ये दुसरं फर्मवेअर. आता ड्राइव्ह स्वतःच अधूनमधून जुना डेटा ताजा करत राहणार.

माझ्या मते हा फिक्स नव्हे, ही गोळी आहे. ब्लडप्रेशरच्या गोळीसारखी, रोज घेतली तर ठीक. ट्रिमने माहितीची एक खरी त्रुटी कायमची भरून काढली. इथे पाझर तसाच, फक्त पाणी भरणारा एक माणूस ठेवला, आणि प्रत्येक भरण्याबरोबर माठ अजून थोडा झिजतो. खरा इलाज सॅमसंगकडे होता, पण तो वेगळ्या खोक्यात विकला गेला. सेल एकावर एक रचायच्या आणि मजले वाढत असल्यामुळे प्रत्येक सेल पुन्हा ऐसपैस करायची, ही व्ही-नँडची युक्ती. २०१४ च्या ८५० मालिकेत ती आली. मोठा माठ, जाड भिंत.

एक गोष्ट सॅमसंगच्या बाजूनेही सांगायला हवी. २०१५ मध्येच अल्गोलिया या कंपनीच्या सर्व्हरांवर डेटा खराब व्हायला लागला आणि बोट दाखवलं गेलं सॅमसंगच्या ड्राइव्हकडे, ट्रिममुळे होतंय म्हणून. सॅमसंगच्या इंजिनिअरांनी खणून काढलं तर घोळ निघाला लिनक्स कर्नलमध्ये! पण आदल्या वर्षीच्या प्रकारामुळे लोकांना आधी संशय कुणाचा आला, ते सांगायला नको.

पाणी भरणाऱ्या त्या माणसाची एक अट आहे: ड्राइव्हला वीज हवी. बंद कपाटात तो काम करत नाही. जेडेक या संस्थेचं मानक असं सांगतं की घरगुती वापराच्या एसएसडीने, तिचं ठरलेलं लिखाणाचं आयुष्य पूर्ण वापरून झाल्यावरही, विजेशिवाय ३० अंश तापमानात एक वर्ष डेटा टिकवला पाहिजे. सर्व्हरच्या एसएसडीसाठी हेच ४० अंशाला तीन महिने. नवीकोरी ड्राइव्ह याहून कितीतरी जास्त टिकवते, त्यामुळे लगेच घाबरायचं कारण नाही. पण तापमान वाढलं की पाझर वाढतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात माळ्यावर किती अंश असतात हे तिथल्या मंडळींना मी सांगायला नको. लग्नाचे फोटो टाकून वर ठेवून दिलेली जुनी, खूप वापरलेली ड्राइव्ह असेल, तर हार्ड डिस्कवर एक कॉपी आजच काढा.