शंभराव्या ग्रुपचा शेवटचा हिवाळा

इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफोकमध्ये थॉर्प अ‍ॅबट्स नावाचं छोटंसं गाव आहे. १९४३च्या जूनमध्ये तिथल्या शेतांच्या मधोमध असलेल्या धावपट्टीवर अमेरिकेचा १००वा बॉम्बर ग्रुप उतरला. चार स्क्वॉड्रन, चार इंजिनांची बी-१७ विमानं, शेपटीवर चौकोनात ‘डी’ अक्षर. २५ जूनच्या पहिल्याच मोहिमेत तीन विमानं परतली नाहीत. ऑगस्टात रेगेन्सबुर्गने नऊ गिळली. १० ऑक्टोबरला म्युन्स्टरवर तेरा निघाली, त्यातलं एकच घरी आलं, तेही दोन इंजिनांवर. ते चालवत होता रॉबर्ट रोझेन्थाल, ब्रुकलिनचा तरुण वकील. ‘ब्लडी हंड्रेड्थ’ हे नाव मग चिकटलं ते चिकटलंच.

खरं तर एकूण हिशेब मांडला, तर अमेरिकेच्या आठव्या हवाई दलातल्या काही ग्रुपांनी याहून जास्त विमानं गमावली. पण या ग्रुपचं नुकसान थोडं थोडं होत नसे. आठवडेच्या आठवडे बरे जात आणि मग एखाद्या संध्याकाळी मेसमधली टेबलंच्या टेबलं रिकामी दिसत. बदनामी सरासरीवरून होत नाही, अशा संध्याकाळींवरून होते.

‘मास्टर्स ऑफ द एअर’ या मालिकेमुळे २०२४ साली हा ग्रुप पुन्हा घरोघरी पोचला. तिचा बराचसा जीव १९४३मध्ये आहे. मला मात्र शेवटचे पाच महिने अधिक विचार करायला लावतात. १९४४ सरताना मूळच्या वैमानिकांपैकी तळावर फारच थोडे उरले होते. नवी पोरं एकोणीस-वीस वर्षांची. त्यांचा ठरलेला कोटा पूर्वीच्या २५ मोहिमांवरून ३५वर गेला होता, कारण आता धोका कमी झाला असं वरिष्ठांचं गणित होतं. ते अगदीच चुकीचं नव्हतं. जर्मन विमानांना पेट्रोल मिळत नव्हतं आणि मुस्टांग लढाऊ विमानं बॉम्बरांना थेट बर्लिनपर्यंत सोबत करत होती.

तरीही ३१ डिसेंबरला हॅम्बुर्गवरच्या मोहिमेत ग्रुपने बारा विमानं गमावली.

त्या दिवशी जे घडलं ते कोणी कथेत लिहिलं असतं, तर संपादकाने साभार परत पाठवलं असतं. परतीच्या वाटेवर, ताफ्यातली रिकामी झालेली जागा भरायला वैमानिक ग्लेन रोजॉन पुढे सरकत होता. तेवढ्यात खालून दुसरं बी-१७ वर आलं आणि दोन्ही एकमेकांत रुतली. बी-१७च्या पोटाखाली बॉल टरेट नावाची गोल घुमटी असते. गुडघे छातीशी घेऊन एक मशीनगनवाला तिच्यात बसतो. रोजॉनच्या विमानाची ती घुमटी खालच्या विमानाच्या पाठीत अडकली. आतल्या माणसाला बाहेर काढायला वाटच राहिली नाही. तो इंटरकॉमवर प्रार्थना म्हणत होता. सहवैमानिक विल्यम लीकला ते ऐकवेना. त्याने कानावरचं काढून टाकलं.

रोजॉनने आपली इंजिनं बंद केली. खालच्या विमानाची तीन अजून चालूच होती. त्याने आणि लीकने पाय समोर रोवून, सुकाणू पोटाशी ओढून धरत ते जोडविमान जर्मन किनाऱ्याच्या दिशेने वळवलं, बाकीच्या साथीदारांना उड्या मारायला लावल्या आणि स्वतः आतच बसून राहिले. जमिनीवर आदळताच खालचं विमान फुटलं, वरचं घसरत पुढे गेलं. दोघे चालत बाहेर आले. लीकने सिगारेट ओठांत धरली, पेटवणार तोच एका पोरसवदा जर्मन शिपायाने ती हिसकावली आणि खाली बोट दाखवलं. पायाखाली पेट्रोल पसरलं होतं.

३ फेब्रुवारी १९४५ला सुमारे हजार बी-१७ बर्लिनवर गेली. रोझेन्थाल त्या दिवशी म्होरक्यांत होता. ही त्याची बावन्नावी मोहीम. विमान पेटलं तरी त्याने बॉम्ब टाकले, चमूला उतरवलं, मग उडी मारली. हात मोडून ओडर नदीजवळ पडला. रशियन शिपाई अंगावर धावून आले तेव्हा ‘अमेरिकान्स्की’ म्हणून ओरडला आणि वाचला. पुढे मॉस्कोमार्गे परतला आणि युद्धानंतर न्युरेंबर्ग खटल्यात सरकारी वकिलांच्या मदतीला गेला. त्याच हल्ल्यात नाझींच्या लोकन्यायालयाचा क्रूर न्यायाधीश फ्राइस्लर मेला. आणि अडीच-तीन हजार सामान्य बर्लिनकरही मेले. ग्रुपच्या शौर्यावर लिहिणारे फ्राइस्लरचं नाव आवर्जून घेतात. या दुसऱ्या आकड्यापाशी लेखणी जरा अडखळते. अडखळू नये. बॉम्बच्या दाराखाली शहरच असतं.

७ एप्रिलला तर जर्मनांनी शंभराहून अधिक लढाऊ विमानं बॉम्बरांना सरळ धडका देण्यासाठी पाठवली. या ग्रुपच्या विमानांनाही धडका बसल्या. २० एप्रिलला शेवटचा बॉम्बहल्ला झाला.

मग मे उजाडला आणि त्याच बॉम्ब ठेवण्याच्या जागेत हॉलंडसाठी अन्नाच्या पेट्या रचल्या गेल्या. तिथे त्या हिवाळ्यात सुमारे वीस हजार माणसं उपासमारीने मेली होती. विमानं पाचशे फुटांच्याही खालून, घरांच्या छपरांवरून गेली. जर्मन तोफा तहानुसार गप्प राहिल्या. खाली ट्यूलिपच्या शेतात डच लोकांनी फुलांनीच आभाराची अक्षरं मांडली होती. शेजारच्या हॉरहॅम तळावरच्या ९५व्या ग्रुपचं एक विमान ७ मे रोजी अन्न टाकून परतताना समुद्रात पडलं. आत तेरा जण होते, त्यांत हे दृश्य एकदा डोळ्यांनी पाहावं म्हणून आलेले जमिनीवरचे कर्मचारीही होते. दोन वाचले.

थॉर्प अ‍ॅबट्सच्या धावपट्टीच्या जागी आता बहुतेक शेतीच आहे. कंट्रोल टॉवर मात्र गावकऱ्यांनी आणि हौशी स्वयंसेवकांनी डागडुजी करून उभा ठेवला. १९८१पासून तिथे ग्रुपचं संग्रहालय आहे. मुलाकडे किंवा मुलीकडे लंडनला जाणार असाल तर लिव्हरपूल स्ट्रीटवरून नॉर्विचची गाडी धरा, डिसला उतरा आणि पुढे टॅक्सी करा. निघण्याआधी संग्रहालय उघडं असण्याचे दिवस तेवढे पाहून घ्या.