पान सुटले, फूल अडकले

भांग, गांजा आणि चरस एकाच झाडातून येतात. पाने वाटली की भांग होते, मादी झाडाचा फुलोरा वाळवला की गांजा, आणि चिकट राळ गोळा केली की चरस. यातले गांज्याचे पीक कसबाचे. शेतात नर झाडे राहिली तर फुलोऱ्यात बी धरते आणि मालाची प्रत उतरते. म्हणून बंगालात राजशाहीकडच्या नौगावला नर झाडे हुडकून उपटणारे जाणकार असत. त्यांना पोद्दार म्हणत. मध्य प्रांतात खांडवा आणि मुंबई इलाख्यात अहमदनगर ही गांज्याची मोठी ठिकाणे होती. चरस यारकंदहून लेहमार्गे पंजाबात उतरे.

1893 साली ब्रिटिश संसदेत या झाडाच्या नशेच्या परिणामांची चौकशी करण्याची मागणी झाली आणि मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. आयोगाने 1193 साक्षी घेतल्या. डॉक्टर, अंमलदार, मिशनरी, गांजा पिकवणारे, सगळ्यांना विचारले. त्यांचे सर्वांत मोलाचे काम वेड्यांच्या इस्पितळांत झाले. गांजाने वेड लागते हा समज ज्या नोंदवह्यांवर उभा होता, त्यांतला ‘कारण’ हा रकाना बहुतेकदा पोलिसांच्या कागदांवरून भरला जाई. माणूस गांजा ओढतो एवढे कळले, की कारण म्हणून गांजाच लिहिला जाई. 1892 साली दाखल झालेल्या 1344 रुग्णांपैकी ज्यांच्यापुढे गांजा-भांग हे कारण लिहिले होते, त्यांची प्रकरणे आयोगाने मुळापासून तपासली. त्यांत गांजा-भांगेकडे बोट दाखवता येईल अशी 98 उरली. एवढ्या कष्टाने अफवा आणि पुरावा वेगळे केल्याचे उदाहरण नशाबंदीच्या इतिहासात मला दुसरे दिसत नाही.

1894 च्या अहवालाचा निष्कर्ष असा: बेताने सेवन करणाऱ्यांना सहसा अपाय होत नाही, अतिरेकाने होतो, बंदी नको, परवाने आणि कर यांनी आळा घाला. करातून सरकारच्या तिजोरीत पैसा येत होता, हे खरे. तरी साक्षी आणि आकडे खोटे ठरत नाहीत.

पुढे सूत्रे आंतरराष्ट्रीय परिषदांकडे गेली. 1961 च्या न्यूयॉर्कच्या करारात गांजा अफूच्या पंगतीत बसला. मात्र व्याख्येतून बिया आणि फुलोऱ्याविना असलेली पाने वगळली गेली, आणि जुनी चाल मोडायला देशांना 25 वर्षांची मुदत मिळाली. ती संपत आली असताना, 1985 मध्ये भारताने अमली पदार्थविरोधी कायदा केला. त्यातही फुलोरा आणि राळ गुन्ह्यात गेली, पान बाहेर राहिले.

पानाचा निर्णय राज्यांकडे राहिला. म्हणून वाराणसीत भांगेची सरकारमान्य दुकाने चालतात, आणि महाराष्ट्रात भांगेचा प्रश्न 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली येतो. त्याच झाडाचा फुलोरा किलोभर सापडला तरी वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वीस किलोंच्या वर गेला तर किमान दहा वर्षे. ही शिक्षा बहुधा माल वाहून नेणाऱ्या गरिबाच्या वाट्याला येते, आणि याचा मला राग आहे.

डिसेंबर 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने 27 विरुद्ध 25 मतांनी गांजाला 1961 च्या कराराच्या सर्वांत कडक यादीतून काढले. भारताचे मत काढण्याच्या बाजूने पडले. आपल्या कायद्यातली फुलोऱ्याची व्याख्या मात्र 1985 चीच आहे. ती बदलायची की ठेवायची, हे ठरवण्याआधी पुन्हा हजारभर माणसांना विचारायला हवे: डॉक्टरांना, शेतकऱ्यांना, तुरुंगात बसलेल्यांनाही.