वायर हार्नेस बाहेरून बनवून घ्यायचाय? व्हेंडर निवडण्याआधी हे तपासा

ई-स्कूटरची सीट उचलली की टेप गुंडाळलेला वायरींचा एक जाड गुच्छ दिसतो. बॅटरी, कंट्रोलर, लाइट आणि मीटर यांना जोडणारा हा गुच्छ म्हणजे वायर हार्नेस. गॅरेजमध्ये त्याला नुसतं ‘वायरिंग’ म्हणतात. तुम्ही एखादं गॅजेट किंवा ईव्ही बनवत असाल, तर पहिला नमुना घरी जोडता येतो. पण ५०-१०० नग लागले की काम बाहेर द्यावं लागतं.

पिंपरी-चिंचवडमध्ये त्यासाठी फार फिरावं लागत नाही. कासारवाडीच्या नाशिक फाट्यावरून पुणे-नाशिक महामार्गाला लागलं की आधी भोसरी एमआयडीसी येते आणि साधारण २० किलोमीटरवर चाकण. या पट्ट्यात मोठ्या कारखान्यांपासून एका गाळ्यात चालणाऱ्या युनिटपर्यंत सगळे आहेत. मग निवडायचं कसं?

मशीन आहे, तरी काम हाताचं

वायर कापणं, सोलणं आणि टोकाला टर्मिनल दाबून बसवणं मशीनवर होतं. पुढे बोर्डवर वायरी अंथरणं, कनेक्टरमध्ये घालणं, टेप मारणं हे बहुतेक हातानेच. म्हणून व्हेंडर एका रात्रीत बदलता येत नाही. २०२२ मध्ये युद्धामुळे युक्रेनमधले लिओनी कंपनीचे हार्नेस कारखाने थांबले, तेव्हा फोक्सवॅगन आणि बीएमडब्ल्यूलाही काही ठिकाणी गाड्यांचं उत्पादन थांबवावं लागलं.

खरी परीक्षा क्रिम्पची

टर्मिनल वायरीवर दाबून बसवण्याला क्रिम्पिंग म्हणतात. गडबड इथेच होते, कारण खराब क्रिम्प बाहेरून बरेचदा ठीकच दिसतो. ‘आम्ही प्रत्येक नग कंटिन्युइटी टेस्ट करतो’ असं व्हेंडर सांगेल. ही टेस्ट हवीच. पण ती फक्त वायर योग्य पिनला जोडली आहे का, एवढंच सांगते. ढिला क्रिम्पही त्यात पास होऊ शकतो.

पुढे काय होतं बघा. ढिल्या क्रिम्पमुळे फक्त २० मिलिओहम रोध वाढला आणि त्यातून १० अँपिअर करंट गेला, तर त्या एवढ्याशा टर्मिनलमध्ये २ वॅट उष्णता तयार होते. उष्णतेने जोड अजून ढिला होतो, रोध अजून वाढतो आणि शेवटी कनेक्टर वितळतो.

व्हेंडरला विचारायचे प्रश्न

• क्रिम्प हाइट मोजता का? किती नगांमागे? नोंदवही दाखवा.
• पुल टेस्ट, म्हणजे टर्मिनल ओढून किती जोराला निघतं ते बघणं, प्रत्येक सेटिंगनंतर होते का?
• या टर्मिनलसाठी योग्य डाय तुमच्याकडे आहे का, की ‘जवळपासच्या’ डायवर भागवणार?
• आयपीसी/डब्ल्यूएचएमए-ए-६२० हे हार्नेसचं मानक पाळता का? कोणत्या क्लासनुसार? क्लास १ साध्या वस्तूंसाठी, क्लास ३ जिथे बिघाड चालणारच नाही तिथे.
• वाहन कंपनीला माल द्यायचा असेल, तर आयएटीएफ १६९४९ प्रमाणपत्र आहे का?

कोटेशन वाचताना

फक्त नगाचा दर बघू नका. तांब्याचा भाव कोणत्या तारखेचा धरलाय? डायचे पैसे तुम्ही दिले, तर डाय कुणाच्या मालकीची? कनेक्टर यायला किती आठवडे लागतील? टर्मिनल हजारोंच्या रीलमध्ये येतात, त्यामुळे ५० नगांचा दर चढाच असणार. ‘तसंच दिसणारं’ स्वस्त टर्मिनल वापरू का, असं विचारलं तर तुमच्या लेखी परवानगीशिवाय नाही, हे पीओमध्येच लिहा.

सगळं पटलं तरी आधी छोटा लॉट काढा. त्यातले दोन-तीन क्रिम्प मधोमध कापून, घासून भिंगाखाली बघा. तारा एकमेकींना घट्ट चिकटून पोकळी उरलेली नसेल, तर पुढची ऑर्डर द्या. हे कापून दाखवायला जो व्हेंडर कुरकुर करतो, त्याचा दर कितीही कमी असला तरी पुढचा गाळा गाठा.