परवाना, पोथी आणि प्राणप्रतिष्ठा

दर सत्राच्या आरंभी संगणककक्षातला एक तरुण आमच्या विभागात येतो आणि यंत्रांवर नवे सॉफ्टवेअर 'टाकून' जातो. टाकणे हा त्याचा शब्द. आम्ही मराठी शिकवणारी माणसे, म्हणून आम्ही त्याला स्थापना म्हणतो. पण स्थापना झाली तरी काम संपत नाही. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात फिकट अक्षरांत एक सूचना रेंगाळत राहते, की हे सॉफ्टवेअर अद्याप 'अ‍ॅक्टिव्हेट' झालेले नाही. चतुर्थीला मूर्ती चौरंगावर ठेवल्याने देव होत नाही, प्राणप्रतिष्ठा व्हावी लागते, हे आपल्याला ठाऊकच आहे. फरक इतकाच, की इथे चौरंग आपला, मखर आपले, दक्षिणाही आगाऊ दिलेली. मंत्र म्हणणारे गुरुजी मात्र दूरच्या कुठल्याशा सर्व्हरवर बसलेले असतात आणि ते जागेवर नसले तर मूर्ती मातीचीच राहते.

विद्यापीठात परवान्याचे सॉफ्टवेअर येणे ही गोष्ट काही आजची नाही. परंतु परवाना म्हणजे कुलूप हे समीकरण मात्र बरेच अलीकडचे आहे. त्याआधी एक काळ असा होता, की परवाना होता, त्यातल्या अटी कडक होत्या, आणि तरीही विद्यापीठाच्या हाती पडत होती ती बंद पेटी नव्हे, तर उघडी पोथी. तो काळ कसा आला आणि कसा गेला, हे आम्हांला सांगावेसे वाटते.

त्याचे मूळ एका न्यायालयीन तडजोडीत आहे. १९४९ साली अमेरिकन सरकारने ए. टी. अँड टी. या बलाढ्य दूरध्वनी कंपनीवर मक्तेदारीविरोधी खटला भरला. १९५६ साली तो मिटला. कंपनीने दूरसंचाराखेरीज दुसऱ्या धंद्यात पडू नये आणि आपली पेटंटे मागणाऱ्यांना परवान्याने द्यावीत, असे ठरले. पुढे १९६९ साली याच कंपनीच्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम रचायला घेतली. संगणकाची साधने अनेक माणसांत वाटून देणारा, कोणाचे काम केव्हा चालेल हे ठरवणारा जो मूळ कारभारी, ती ही व्यवस्था. जुलै १९७४ मध्ये थॉम्पसन आणि रिची यांचा युनिक्सवरील लेख अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञांच्या मुखपत्रात आला आणि विद्यापीठांतून मागणीची पत्रे सुरू झाली.

कंपनीपुढे पेच पडला. धंदा करायचा तर १९५६ आडवे येते. नाही म्हणावे तर ज्ञानव्यवहारातल्या माणसांना कारण काय सांगावे? यातून जी वाट निघाली ती मोठी विलक्षण होती. शिक्षणसंस्थांना युनिक्स नाममात्र शुल्कात परवान्याने द्यायचे. मात्र हमी नाही, मदत नाही, चुका निघाल्या तर दुरुस्ती नाही. आहे तसे घ्या. आणि मजकूर हे व्यापारी गुपित आहे, ते परवानाधारकांच्या बाहेर जाऊ देणार नाही, अशी विद्यापीठाने लेखी कबुली द्यायची. थोडक्यात, कुलूप होते ते शब्दाचे. सही माणसाची, वचनही माणसाचे. यंत्राला त्यात कोणी साक्षीला बोलावले नव्हते.

त्या काळची स्थापना कशी असे, हेही पाहण्यासारखे आहे. चुंबकीय फितीचे एक रीळ येई. पीडीपी-११ या कपाटाएवढ्या यंत्राच्या दर्शनी भागावर खटक्यांची एक रांग होती. ते खटके वरखाली करून एक इवलासा प्रोग्राम हाताने यंत्राच्या स्मृतीत भरायचा, मग तो प्रोग्राम फीत वाचू लागे. फितीवरून व्यवस्था चकतीवर उतरली की खरे काम सुरू होई. आपल्याकडे चकती कोणती, छपाईयंत्र कोणते, टर्मिनले किती, त्याप्रमाणे आपल्यापुरता गाभा नव्याने बांधून घ्यावा लागे. हे शक्य होते, कारण फितीवर नुसते चालणारे सॉफ्टवेअर नव्हते, तर त्याचा सोर्स कोड, म्हणजे माणसांनी लिहिलेली आणि माणसांना वाचता येणारी मूळ संहिता होती. स्थापना करणाऱ्याला थोडेबहुत वाचल्यावाचून गत्यंतरच नव्हते. आणि मदत मागायला कंपनीचे दार बंद, म्हणून विद्यापीठे एकमेकांना पत्रे लिहू लागली, दुरुस्त्या पाठवू लागली. कंपनीने मदत नाकारल्यामुळे एक वाचकसमाज जन्माला आला.

या समाजातला सर्वांत मोठा वाचक ऑस्ट्रेलियात होता. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे अध्यापक होते. त्यांनी तो १९७४ चा लेख वाचला, पत्र लिहिले, आणि काही काळाने फीत मिळवली. ऑपरेटिंग सिस्टिम शिकवायची तर बहुतेक ठिकाणी तत्त्वे सांगत, फार तर वर्गासाठी एखादे खेळण्यातले उदाहरण रचून दाखवत. लायन्सना ते पटेना. खरीखुरी, रोज वापरात असलेली एक व्यवस्था विद्यार्थ्याने अथपासून इतिपर्यंत वाचली पाहिजे, असा त्यांचा आग्रह. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा गाभा सुमारे नऊ हजार ओळींचा होता, म्हणजे एका माणसाच्या आवाक्यातला. लायन्सनी त्या ओळी विषयवार लावल्या, त्यांना क्रमांक दिले आणि त्याची एक वही केली. दुसऱ्या वहीत त्यावरचे भाष्य लिहिले: अमुक ओळीत हे का केले आहे, तमुक ठिकाणी लेखकांची चलाखी काय आहे, इथे थोडी गफलत दिसते, इत्यादी. १९७६ च्या वर्गासाठी सुरू झालेले हे काम १९७७ मध्ये पुरे झाले.

मराठीच्या माणसाला हा प्रकार परका वाटू नये. मूळ संहिता, ओवीक्रमांक, आणि त्यावर टीका! आपले वाङ्मयच एका भाष्यापासून पायावर उभे राहिले. साहित्याच्या वर्गात आम्ही ज्याला समीप वाचन म्हणतो, ते सिडनीतला एक अध्यापक यंत्राच्या संहितेवर करत होता. आणि त्याचा संप्रदायही तसाच वाढला. पुढची कित्येक वर्षे या वर्तुळातली माणसे नुसता '२२३८' म्हणत आणि समोरचा ओळखे. त्या ओळीवर मूळ लेखकांनीच एक टीप ठेवली होती, की पुढचे तुम्हांला कळावे अशी अपेक्षा नाही. जगभरच्या विद्यार्थ्यांनी साहजिकच सर्वांत अधिक वेळ घालवला तो याच ओळीवर.

वचनाचे कुलूप शिथिल होते असे मात्र नाही. लायन्सच्या वह्याही गुपिताचाच भाग. परवाना असलेल्या संस्थांनाच त्या मिळाव्यात असा दंडक होता. पण वर्गात एकदा वाचलेली गोष्ट विद्यार्थी पदवीबरोबर घेऊन जातोच. आणि मग कंपनीच्या ध्यानात आले, की ज्याला आपण गुपित म्हणतो ते विद्यापीठांत पाठ्यपुस्तक झाले आहे. १९७९ साली सातवी आवृत्ती आली ती नव्या अटीसह: संहिता वर्गात शिकवायची नाही. वापरा, चालवा, हवे तर स्वतः पाहा. विद्यार्थ्यांपुढे उलगडू नका. या एका अटीवर आम्ही थबकलो. विद्यापीठाला वस्तू द्यायची आणि ती शिकवू नका म्हणायचे, यापेक्षा विद्यापीठाच्या धर्माशी विसंगत अट सुचवणे अवघड आहे. तरी संस्थांनी सह्या केल्या. का करू नयेत? यंत्रे तर चालवायची होती.

लायन्सच्या वह्यांचे मग जे व्हायचे ते झाले. झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स, अशा फिकट होत जाणाऱ्या प्रती एका हातातून दुसऱ्या हातात गेल्या. त्या काळातल्या अनेकांनी आपली प्रत कितव्या पिढीची आहे हे अभिमानाने नोंदवले आहे. हक्क पुढे एकाकडून दुसऱ्याकडे विकले जात राहिले, आणि ते पुस्तक रीतसर छापून बाजारात आले ते १९९६ साली. लेखनापासून जवळपास वीस वर्षांनी. लायन्स १९९८ च्या डिसेंबरात वारले. छापील प्रत त्यांच्या हयातीत निघाली, हे एक बरे झाले.

अटीचा दुसरा परिणाम कंपनीने कल्पिलेला नव्हता. अ‍ॅम्स्टरडॅमच्या फ्रिये विद्यापीठात अँड्र्यू टॅनेनबाउम याच विषयाचे अध्यापन करत होते. शिकवायला संहिता उरली नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच एक लिहिली. १९८७ साली मिनिक्स या नावाने ती पाठ्यपुस्तकासोबत बाहेर पडली. ते पुस्तक हेलसिंकीतल्या लिनस तोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने वाचले, आणि १९९१ साली त्याने जे लिहायला घेतले त्याचे नाव लिनक्स. आज जगातले बहुतेक सर्व्हर त्यावर चालतात. वर्गात शिकवू नका या अटीची ही नातवंडे आहेत.

दरम्यान १ जानेवारी १९८४ रोजी ए. टी. अँड टी.चे विभाजन झाले आणि सॉफ्टवेअर विकण्याची आडकाठी निघाली. परवान्यांच्या किमती चढू लागल्या. त्याच महिन्यात एम. आय. टी.तला रिचर्ड स्टॉलमन नोकरी सोडून मोकळा झाला, ते आपण लिहिणार असलेल्या मुक्त सॉफ्टवेअरवर संस्थेने हक्क सांगू नये म्हणून. बर्कलीतल्या मंडळींनी युनिक्समध्ये इतकी भर घातली होती, की मूळ कोणाचे आणि भर कोणाची यावर १९९२ साली खटला उभा राहिला. १९९४ मध्ये तो मिटला तेव्हा सुमारे अठरा हजार फायलींपैकी काढून टाकाव्या लागल्या तीन. काहींमध्ये किरकोळ फेरफार झाले. भांडण एवढे मोठे आणि वादाचा ऐवज एवढासा, हे भाऊबंदकीचे खटले पाहिलेल्या आपल्या लोकांना नवल वाटण्याजोगे नाही.

इथून पुढची हकीकत मात्र वेगळ्या कुलुपांची आहे. आता संहिता येत नव्हतीच. येत होते फक्त चालणारे सॉफ्टवेअर, आणि वचनावर विश्वास ठेवण्याचे दिवस सरले होते. (याला आपणही जबाबदार आहोत. एके काळी आमच्या महाविद्यालयातली निम्मी यंत्रे कुठून आणलेल्या सीडीवर चालत, हे इथे न लिहिलेलेच बरे.) ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस 'तरता' परवाना आला: विद्यापीठाने वीस जागा घ्यायच्या, एक सर्व्हर हजेरी ठेवणार, एकविसाव्याने थांबायचे. ही पद्धत आम्हांला त्यातल्या त्यात बरी वाटते. ग्रंथालयाचा नियम याहून निराळा काय असतो? २००१ साली मायक्रोसॉफ्टने ऑफिस एक्सपी आणि विंडोज एक्सपीबरोबर प्रत्येक यंत्राने कंपनीकडे नोंद करण्याची पद्धत आणली. मोठ्या संस्थांना त्यातून सूट होती. त्यांना एकच सामाईक किल्ली मिळे. ती किल्ली फुटली आणि गावभर झाली. म्हणून २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून संस्थांनाही प्राणप्रतिष्ठा आवश्यक झाली. विद्यापीठाने आपल्या आवारात एक सर्व्हर ठेवायचा, यंत्रांनी त्याच्याकडे नियमित हजेरी लावायची. एकदा मिळालेले प्राण १८० दिवस टिकतात. आणि किमान पंचवीस यंत्रांनी तोंड दाखवल्याशिवाय तो सर्व्हर कोणालाच प्राण देत नाही. म्हणजे गणपूर्ती! विद्यापीठाच्या सभांना ती क्वचितच होते, यंत्रांना सक्तीची.

या साऱ्यात वचन देणारा माणूस नाहीसा झाला. यंत्र यंत्राला विचारते, यंत्र उत्तर देते. पण आमची तक्रार एवढ्यावर नाही. परवाना संपल्यावर सॉफ्टवेअर थांबले तर थांबो. त्याच्या आत आपण लिहून ठेवलेल्याचे काय?

हा प्रश्न आम्हांला पडला तो विभागातल्या एका कपाटामुळे. आमच्या आधीच्या प्राध्यापकांनी १९९९ ते २००४ या काळात आसपासच्या गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करून संगणकावर उतरवल्या होत्या. मराठी सॉफ्टवेअर परवान्याचे, रीतसर विकत घेतलेले. यंत्राच्या पाठीमागे, छपाईयंत्राची तार जोडतात तिथे, 'डोंगल' नावाची बोटभर डबी लावली तरच ते चालू होई. कालांतराने ते यंत्र गेले. नव्या यंत्रांना तसली खोबणच नाही. विकणाऱ्यांनी ती आवृत्ती बंद केल्याचे सांगितले. सीडी शाबूत आहेत. फायलीही उघडतात, फक्त ओव्यांच्या जागी स्वरचिन्हे चिकटवलेली रोमन अक्षरे, कंस आणि चलनांची चिन्हे दिसतात. ज्या आजींनी त्या ओव्या सांगितल्या त्यांतल्या बहुतेक आता नाहीत.

महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहिले तेव्हा तेही एक कुलूपच होते, आणि किल्ली पंथाबाहेर जात नव्हती. त्यामुळे मराठीचे आरंभीचे गद्य शतकानुशतके मराठी वाचकालाच बंद राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाड्यांनी ती लिपी उलगडली. पोथी समोर होती म्हणून ते जमले. अक्षराच्या जागी अक्षर आलेले, एवढेच ते गूढ होते. आमच्या फायलींतही तत्त्वतः तेवढेच आहे: त्या फाँटमध्ये 'क' कोणत्या चिन्हावर बसवला होता, हे कळले की झाले.

त्या संग्रहातल्या काही ओव्यांची छापील पाने एका जुन्या फायलीत सापडली. गेल्या उन्हाळी सुटीपासून एका बाजूला ते पान आणि दुसऱ्या बाजूला ती चिन्हे घेऊन आम्ही तक्ता करत आहोत. व्यंजने जवळजवळ पुरी झाली. जोडाक्षरे छळतात, कारण एकाच अक्षराचे दोन-तीन तुकडे तीन जागी ठेवलेले आहेत. वेलांटी अक्षराच्या आधी येते, ती उचलून मागे न्यावी लागते. रफार अजूनही शेजारच्या अक्षरावर पडतो.